कूलरला सांगायच्या गोष्टी

कांडीवरचा धागा संपत आला होता आणि तरी संपत नव्हता — आतलं काळपट लाकूड दिसू लागलं की वाटायचं आता दोनच वेढे उरले, मग आणखी दोन निघायचे, आणि हर्षा पोर्चमध्ये उकिडवी चालत, एका हातात कांडी फिरवत, गाडीच्या मागच्या स्टुलापासून पुढच्या स्टुलापर्यंत धागा नेत होती. सकाळचे पावणेसहा, एप्रिल महिना, उजेड अजून फाटकापाशीच घुटमळत असलेला. पांढरं सूत. बोटांना किंचित खरखरीत लागणारं… खळ असणार, किती वर्षांपूर्वीची कोण जाणे. कांडी सासऱ्यांच्या, बाबांच्या ट्रंकेतली. विचारून घेतलेली नाही म्हणजे तशी चोरलेलीच, पण घरातल्या घरात चोरी कसली, असं तिनं स्वतःला कालच समजावून ठेवलं होतं. नायलॉनची दोरी वाऱ्यानं हलते, लांबते, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. सूत ताणून धरलं की गप्प बसतं.

दोन्ही अंगांना एकेक धागा, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, गाडीला अगदी समांतर. मग पट्टी घ्यायची आणि चाकाच्या पुढच्या कडेपासून धाग्यापर्यंत किती, मागच्या कडेपासून किती, ते मोजायचं. दोन्ही सारखं आलं तर चाक सरळ. हर्षाला सरळ नको होतं. पुढची दोन्ही चाकं अर्धा-अर्धा मिलिमीटर बाहेर बघणारी हवी होती, म्हणजे वळणावर गाडी चटकन तोंड फिरवते. जरीपटक्याचा बंटी, ज्याच्या गॅरेजमध्ये गाडीचे कडक स्प्रिंग बसले, तो हसला होता. "मॅडम, धागे-बिगे से क्या होता है, मशीन पे लगाओ ना." मशीनवाला कंपनीच्या आकड्यावर लावून देतो, त्यातला एक केसही इकडचा तिकडे करत नाही. आणि खरं सांगायचं तर, स्वतःच्या हातानं मोजण्यात जे सुख आहे ते मशीनवाल्याला कशाला द्यायचं?

स्टुलांवर दोन-दोन विटा ठेवल्या. पायांभोवती खडूनं गोल काढले, चुकून धक्का लागला तर कळावं म्हणून. उजवं चाक मोजलं, चाकाचा कोन बदलणारा टाय रॉड पाव आटा फिरवला, परत मोजलं, अर्धा मिलिमीटर. वा. डावं राहिलं. साडेसहा वाजले होते आणि सातला धंतोलीतल्या डायलिसिस सेंटरमध्ये ड्यूटी. स्कूटरला किक मारताना तिनं मागे वळून पाहिलं. मधे गाडी, दोन्ही बाजूंना दोन पांढऱ्या रेघा, आणि रेघांच्या पलीकडे भिंतीला टेकून गाडीची मागची सीट, आणि सीटवर बाबा.

ती सीट.

आठशे सीसीची, तीन सिलेंडरची, अकरा वर्षांची गाडी. नवऱ्यानं, चेतननं सेकंडहँड घेतलेली, सगळ्यांना घेऊन उमरेडला नातलगांकडे जाता यावं म्हणून. मग चेतनची नोकरी पुण्याला गेली, गाडी पोर्चमध्ये राहिली, आणि डायलिसिस सेंटरमधल्या वेदिकानं एका रविवारी वर्धा रोडच्या पुढचं ते मैदान दाखवलं — पूर्वी ट्रक उभे राहायचे ते काँक्रीटचं पटांगण, त्यावर प्लास्टिकचे लाल कोन मांडून केलेला वळणावळणांचा ट्रॅक, आणि घड्याळ घेऊन उभा असलेला एक माणूस. हर्षानं गंमत म्हणून एक फेरी मारली. एक मिनिट एकतीस सेकंद, सगळ्यांत शेवटी. उतरली तेव्हा ती हसत होती, एकटीच, तोंडावर हात ठेवून. चौतीस वर्षांच्या बाईनं असं हसू नये असं काही कुठं लिहिलेलं नाही, पण आपल्याला हसताना कुणी पाहिलं नाही ना, म्हणून तिनं इकडेतिकडे बघितलं होतं. त्याला आता दीड वर्ष झालं. आता एक मिनिट बावीस. उद्या रविवार, उद्या वीसच्या आत यायचं.

इंजिनात फार काही करता येत नाही, एवढ्याशा इंजिनात करणार काय? म्हणून वजन उतरवायचं. सेंटरमध्ये ती हेच तर करते. पेशंट येतो, काट्यावर उभा राहतो, चार तासांनी पुन्हा उभा राहतो, आणि अडीच किलो पाणी उतरलेलं असतं. तोच माणूस, पण जिना चढताना धाप लागत नाही. गाडीचं तिनं तसंच धरलं होतं. खालची मॅट, छताचं अस्तर, पत्र्याला चिकटवलेले डांबराचे तुकडे — ते तर छिन्नीनं, तीन रविवार. स्टेपनी. मागची सीट, पाठीसकट सोळा किलो.

सीट काढून भिंतीपाशी ठेवली त्या दिवशी संध्याकाळी बाबा बाहेर आले, सीटकडे पाहिलं, गाडीच्या पोकळ पोटाकडे पाहिलं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सीटखाली कुणीतरी दोन विटा लावलेल्या होत्या आणि बाबा तिच्यावर बसले होते. तेव्हापासून तिथंच बसतात. सात महिने. चहा तिथं, पेपर तिथं, दुपारची डुलकी तिथं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं असं, पोर्चमध्ये, गाडीतून बाहेर काढलेल्या सीटवर, गाडीकडे तोंड करून…

याचा अर्थ काय घ्यायचा?

बोलते झाले असते तर अर्थ लावत बसायची वेळ आली नसती. पण बाबा — विणकरांची अख्खी टांडापेठ त्यांना भैयाजीच म्हणायची — सुनेशी थेट बोलत नाहीत. राग म्हणून नव्हे, रीत म्हणून. त्यांच्या वडिलांनी नाही बोललं, त्यांनीही नाही. आई होत्या तोवर सोपं होतं. "अनुसया, सांग तिले, भाजीत मीठ जास्त झालं," आणि आई दोन हातांवर बसलेल्या हर्षाला सांगायच्या, "मीठ जास्त झालं म्हणते." हर्षा म्हणायची, "उद्या कमी टाकते," आणि आई तेही पोचवायच्या, तितक्याच गंभीरपणे. तीन वर्षांपूर्वी आई गेल्या. घरात एक महिना कुणी कुणाशी बोललं नाही, कारण मधलं माणूसच उरलं नव्हतं. मग एका भर दुपारी बाबा कूलरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पानी संपलं गा तुझं." हर्षा स्वयंपाकघरातून बादली घेऊन आली.

तेव्हापासून ते कूलरशी बोलतात. "आज डोकं दुखून राहिलं गा." "उद्या पेन्शनीच्या कागदाले जा लागते." हिवाळ्यात कूलर गच्चीवर गेला की फाटकाशी. हर्षाही शिकली, ती गॅसच्या शेगडीशी बोलते, आणि गाडी उघडल्यापासून गाडीशी. "आज जरा उशीर होईल यायला," असं बॉनेटला सांगायचं, आणि मागे सीटवर पेपरचं पान उलटल्याचा आवाज येतो, म्हणजे पोचलं. बाहेरच्यानं ऐकलं तर दोघांनाही वेड्यात काढेल. पण सगळं चालतं असं. फक्त आवडतं की नाही आवडत, हे असं विचारता येत नाही. कूलरकडून त्याचं उत्तर कोण आणणार?

काल संध्याकाळी चेतनचा फोन आला होता.

"पुढच्या आठवड्यात येतो मी. उमरेडचं लग्न आहे ना. बाबाले कशात नेतो?"

"बसनं जाऊ. नाही तर रिक्षा करू."

"घरी गाडी असून? हर्षा, मी तुले काही म्हणत नाही. कर तू, मले आवडते. पण बाबाले नाही आवडत हे. काही बोलत नाहीत, पण त्या सीटवर जाऊन बसतात ते उगीच नाही."

"तुम्हीच विचारा ना त्यांना."

"मले काय सांगतीन ते? तू घरात राहते, तू विचार. उद्यापर्यंत पाह्य. आवडत नसन तर रविवार झाला का सीट लावून टाक अन् विषय संपव."

तो चांगला माणूस आहे. म्हणून तर पंचाईत. वाईट असता तर भांडता आलं असतं. हर्षानं हो म्हटलं होतं, आणि मनाशीही तेच ठरवलं होतं: म्हाताऱ्या माणसाला रोज डोळ्यांसमोर सलणारं काही आपण करत असू, तर नको ते. सीट लावू. कोन, घड्याळ, एक मिनिट वीस, सगळं बंद. फक्त त्यांना खरंच सलतं का, एवढंच कळायला हवं. आजच्या दिवसात.

दिवसभर काट्यावर माणसं चढत-उतरत राहिली. काटोलहून येणारे एक काका म्हणाले, "सिस्टर, आज खुश दिसून राहिली." तिनं आरशात पाहिलं. खरंच दिसत होती. उद्या नाक दाबून पाण्यात उडी मारायची असते आणि आज पोट आधीच हलकं झालेलं असतं, तसं काहीतरी. चेतनचं बोलणं आठवलं की हलकेपणा जायचा, दुसऱ्या पेशंटचं मशीन लावेपर्यंत परत यायचा.

अडीचला घरी आली तेव्हा पोर्च तापलेला होता. बाबा सीटवर झोपलेले, तोंडावर पेपर. धागे जसेच्या तसे होते, उलट डावा सकाळपेक्षाही ताठ वाटला. तिनं बोटानं हलकं छेडलं, टंग् झालं. शाब्बास, म्हणाली ती मनात. जेवून आली, आडवी पडून डावं चाक मोजलं आणि चक्रावली. चाक चांगलंच बाहेर बघत होतं, दोन मिलिमीटरच्या वर. उजवं जवळपास बरोबर असताना डावं एवढं कसं? पण पट्टी खोटं बोलत नाही, धागा खोटं बोलत नाही… तिनं टाय रॉड फिरवला, पुन्हा मोजलं, पुन्हा फिरवला, अर्ध्यावर आणून सोडलं. नट आवळला. धागे राहू दिले, परत आल्यावर एकदा तपासायला म्हणून. उजवीकडच्या पुढच्या टोकाची गाठ सोडली, गाडी बाहेर काढली, तीच गाठ परत स्टुलाला मारून ठेवली. पंचेचाळीस मिनिटं लागली होती. तेवढ्या वेळात तिनं चेतनला, सीटला, उमरेडला एकदाही आठवलं नव्हतं.

पाचला मनीषनगराच्या बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी घेऊन गेली, आणि पहिल्या शंभर मीटरमध्येच तिला कळलं. स्टिअरिंग डावीकडे धरलं तरच गाडी सरळ जात होती. सोडलं की उजवीकडे. स्पीड वाढवला तर पुढचं तोंड आडमुठ्या बैलागत ओढत होतं. एकदा वाटलं टायरची हवा असेल. उतरून दाबून पाहिलं, हवा ठीक होती. मीच चुकले. एवढी मोजमापाची घमेंड, मशीनपेक्षा मी बरी म्हणणारी… आणि उद्या सकाळी सात वाजता मैदानात उभं राहायचंय या वाकड्या गाडीला घेऊन. कदाचित हेच उत्तर असेल. कदाचित अशीच उत्तरं मिळतात, कुणी सांगत नाही, गाडीच सांगते. रडू येतंय म्हणून तिला स्वतःचाच राग आला; एका टाय रॉडसाठी रडायचं?

घरी येऊन गाडी लावली. बाबा सीटवर जागे होते, खिडकीतला कूलर घरघरत होता. ती डावीकडच्या पुढच्या स्टुलापाशी बसली आणि तिला खडूचा गोल दिसला. रिकामा. स्टुलाचा पाय त्याच्या बाहेर होता, मागं आलेला आणि गाडीच्या बाजूलाही, बोटभर. इकडे बोटभर म्हणजे चाकाशी पावणेदोन मिलिमीटर. वाकडं चाक नव्हतं, धागा वाकडा होता, आणि तिनं सरळ चाक धाग्याबरहुकूम वाकडं केलं होतं.

विटा मात्र नीट जागेवर. म्हणजे धक्का नाही. मांजर नाही. कुणीतरी विटा उचलून, स्टूल सरकवून, विटा परत ठेवल्या. आणि घरात आहे कोण?

तिनं वर पाहिलं नाही. म्हणजे चेतन म्हणत होता ते खरं. सात महिने ते समोर बसून बघत होते, आणि आज, बरोबर आज, त्यांनी उठून… बोलता येत नाही म्हणून हातानं सांगितलं. ठीक आहे. ठीक आहे बाबा, कळलं. लावते सीट. उद्या जाणारच नाही, आत्ता लावते, चार बोल्ट तर आहेत. तिला फार वाईट वाटलं. तिला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पटीनं वाईट वाटलं. तिनं मागच्या टोकाशी धागा सोडला आणि कांडीवर गुंडाळायला घेतला, घाईघाईनं, दोन बोटांच्या चिमटीतून ओढत, आणि मधेच बोटांना काहीतरी लागलं.

तिनं धागा मागे घेतला. पुन्हा लागलं. खसखशीच्या दाण्याएवढं. डोळ्यांजवळ धरलं, उजेडाकडे केलं. गाठ होती. तिनं मारलेली नव्हे. तिच्या गाठी चण्याएवढ्या होतात आणि त्यांच्या शेंड्या लोंबतात. ही दोन टोकं एकमेकांत अशी घातलेली होती की कुठलं कुठं संपतं ते दिसू नये, आणि शेंड्या कापलेल्या, अगदी मुळाशी. मागाच्या फणीतून जाईल अशी गाठ. आई सांगायच्या, "चालत्या मागावर सांधते हा मानूस, समजत बी नाही तुटलं होतं का नाही."

तर धागा तुटला होता. दुपारच्या कोरड्या झळीत, जुनं सूत, खळ वाळलेली, तुटणारच. ही साधी गोष्ट विणकराच्या घरात नांदून तिला सुचली नव्हती. सीटवरून त्यांनी ते पाहिलं असेल. गुडघे धरून उठले असतील, खाली बसले असतील — खाली बसायला त्यांना दोनदा भिंत धरावी लागते — टोकं शोधली असतील फरशीवर, चष्मा आत राहिलेला… सांधलं. सांधण्यात चार बोटं सूत गेलं, मग धागा आखूड झाला, आणि नीट बसेना म्हणून स्टूल जवळ घेतला, मागाशी बसून उभा जन्म घालवलेल्या माणसाला सैल धागा बघवला नाही म्हणून ताणला. खडूचा गोल कशासाठी आहे हे त्यांना कोण सांगणार? आणि विटा परत ठेवल्या. आणि तोंडावर पेपर घेऊन झोपले.

हर्षा कांडी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. मघाचं सगळं वाईट वाटणं कुठं गेलं ते तिला सापडेना. म्हणजे त्यांना आवडतं? तसंही नाही म्हणता येत. तुटका धागा दिसला तर ते शत्रूच्या घरचाही सांधतील. मनातल्या मनात तिला हसू आलं. आता फक्त एक अडचण होती: स्टूल परत गोलात न्यायचा तर त्यांच्या डोळ्यांदेखत न्यावा लागेल, म्हणजे बाबा, तुम्ही चुकलात असं म्हटल्यासारखं. अंधार पडेपर्यंत थांबावं, ते आत गेले की गुपचूप… नाही तर बॉनेटला सांगावं. तिनं बॉनेटकडे तोंड केलं. तोंड उघडलं. आणि काय झालं कोण जाणे, ती वळली.

"बाबा," ती म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा हा शब्द त्यांच्याकडे बघून निघाला असेल. "धागा तुटला होता ना? गाठ फार छान बसलीय. पण स्टूल त्या खडूच्या आत पाहिजे."

कूलर घरघरत राहिला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, सवयीनं. हर्षाला वाटलं आता ते उठून आत जातील. ते उठले. भिंत धरली, दोन पावलं आले, पुन्हा भिंत धरली आणि खाली बसले, स्टुलापाशी, तिच्यासमोर.

"ढिला होता वं," ते म्हणाले. "ढिल्या धाग्यावर काय मोजून राहिली तू?"

"हो ना. मला कळलंच नाही."

"हे सूत कुठलं?"

"तुमच्या ट्रंकेतलं. विचारलं नाही मी."

"दुसरी कांडी काहून नाही घेतली? हे चाळीस नंबरचं सूत जुनं झालं. ट्रंकेत खाली आहे चांगलं." मग हात पुढे करून, "आन इकडं. तू तिकडं धर मांगं."

त्यांनी स्टुलाचा पाय खडूच्या गोलात नेऊन ठेवला, अंगठ्यानं कड चाचपून पाहिली, जुनी गाठ सोडली, वीतभर सूत जोडलं. बोटं काय करतात ते दिसलं नाही, झाल्यावर दिसलं. हर्षा गाडीच्या मागे धाग्याचं दुसरं टोक धरून बसली. ऊन फाटकाबाहेर निघून गेलं होतं. मोजून झालं तेव्हा तिनं आकडा पट्टीवर नखानं धरून ठेवला.

"किती पायजे?" बाबांनी विचारलं.

"अर्धा मिलिमीटर. बाहेर."

त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, दोन्हींच्या मधे बघितलं, थोडं घासलं, आणि मान हलवली. पटलं म्हणून हलवली की एवढ्यासाठी हा खटाटोप म्हणून, ते काही कळलं नाही. "ताण," एवढंच म्हणाले.

आत फोन वाजायला लागला. सात वाजले असणार. चेतन रोज सातला करतो. आता विचारेल, विचारलं काय बाबाले? नाही विचारलं. आत्ता विचारता येईल खरं तर, समोर बसलेत, तोंडही उघडलंय, एका वाक्याचं काम आहे. हर्षानं ते वाक्य मनात जुळवून पाहिलं आणि तसंच राहू दिलं. सीट भिंतीशी रिकामी होती, तिच्या मधोमध बसून बसून खोलगट झालेलं. आठवड्यानं ती कुठं असेल, गाडीत की भिंतीशी, ठाऊक नव्हतं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ते ठाऊक नसल्याचं ओझं नव्हतं. फोन वाजत राहिला. तिनं धागा ताणला. पलीकडून त्यांनी किंचित जास्त ताणला, आणि त्यांच्या बोटांची ओढ पांढऱ्या सुतावरून, गाडीच्या अख्ख्या लांबीवरून, तिच्या चिमटीत येऊन पोचली. तिनं धागा सोडला नाही.